वायरींचा कागद वेगळा

माझी धाकटी बहीण चौपन्न वर्षांची आहे, तरी सगळे तिला अजून धाकटीच म्हणतात. दोष माझा. मीच तिला लहानपणापासून तशी हाक मारली आणि पुढे लोकांनी ती उचलली. मी तेहतीस वर्षं इस्पितळात नर्स होते, त्यातली शेवटची बारा ऑपरेशन थिएटरमध्ये. तिथे डॉक्टरसुद्धा माझ्याशी जपून बोलायचे. घरी बोलणार कोण? आम्ही दोघी, दोन खोल्या आणि एक गॅलरी.

धाकटी इमारतींचे नकाशे काढते. तीस वर्षं तिनं एकाच ऑफिसात लोकांची घरं, दवाखाने, दुकानं कागदावर उभी केली. आधी मोठ्या फळीवर पेन्सिलीनं, नंतर कॉम्प्युटरवर. दोन वर्षांपूर्वी तिच्या हातून एक चूक झाली. एका घराच्या जिन्यावरची तुळई तिनं वीतभर खाली दाखवली. घर तिथपर्यंत बांधून झालं तेव्हा कळलं, की नवव्या पायरीवर माणसाचं डोकं आपटतं. तुळई फोडावी लागली. ऑफिसचे मोठे साहेब तिला एक शब्द बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून तिचे नकाशे तपासायला दुसऱ्याच्या टेबलावर जायला लागले. ओरडले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून ही बाई गॅस बंद केलाय का ते तीनदा बघते. दुकानात दोन साबण हातात घेऊन उभी राहते, ते मी एक टोपलीत टाकेपर्यंत. पुढे मोठे साहेब वारले, ऑफिस बंद झालं, आणि धाकटी शेवटच्या दोन पगारांएवढे पैसे घेऊन घरी आली. मग रोज सकाळी तयार होऊन खुर्चीत बसायची. कुठे जायचं नसताना केस विंचरून बसलेलं माणूस बघवत नाही हो.

अशात एक दिवस फोन आला. त्यांच्या ऑफिसात येणारे एक इंजिनियर होते, ते म्हणाले, "मॅडम, एका शाळेला नवी बाजू बांधायचीय. अकरा शीटं आहेत. महिन्याभरात मापं हातात पडतील, पण त्यानंतर मला तीन दिवसांत नकाशे लागतील. जमलं तर पुढची कामं तुम्हालाच. घरून केलं तरी चालेल. कॉम्प्युटर आहे ना तुमच्याकडे?"

"आहे," धाकटी म्हणाली.

फोन ठेवला आणि ती मटकन खाली बसली. आमच्या घरात तेव्हा कॉम्प्युटर नावाची वस्तू नव्हती.

"खोटं बोललीस?" मी विचारलं.

"तोंडातून निघून गेलं गं, ताई."

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी तिला दोन वेळा चहा करून दिला.

दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो. दुकानदार सडपातळ, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि स्वतःचाच माल विकायला नाखूश. जे दाखवेल त्याच्यावर त्याचं एकच वाक्य ठरलेलं: "घ्या, पण पुढे पस्तावाल." आम्ही घरी त्याचं नावच पस्तावाल ठेवलं. त्यानं सांगितलं, की नकाशांचं ओझं पेलेल असा तयार कॉम्प्युटर आमच्या पैशांत बसत नाही, आणि पैशांत बसेल तो नकाशा उघडताना धापा टाकेल. एकच वाट आहे, सुटे भाग विकत घ्या आणि घरी जोडा. जोडायचे पैसे वाचतात आणि जिथे गरज आहे तिथेच खर्च होतो.

"जोडणार कोण?" मी विचारलं.

"व्हिडिओ बघून लोक जोडतात," तो म्हणाला. "काही पस्तावतात."

त्याच्या गल्ल्यामागे एक पाटी होती: उघडलेला माल परत घेतला जाणार नाही. धाकटीनं ती पाटी वाचली आणि तिचा चेहरा उतरला. पुढचे तीन आठवडे ती पाटी आमच्या घरात राहायला आल्यासारखी होती.

धाकटीनं एक आलेखाची वही घेतली आणि याद्या करायला लागली. मला वाटलं होतं, बाजारहाट असेल, चार वस्तू घ्यायच्या आणि यायचं. तसं नसतं. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. तो ठरावीक मदरबोर्डावरच बसतो. त्या बोर्डावर ठरावीक रॅमच चालते. बोर्ड मोठा घेतला तर कॅबिनेट मोठं लागतं. एक गाठ सोडवावी तर दुसरी आवळते. पहिल्या यादीत मेंदू भारी होता आणि रॅम नावाला. दुसरीत रॅम भरपूर, पण पडद्याला पैसेच उरले नाहीत. तिसरी तिनं रागानं फाडली आणि चौथीसाठी तिचे तुकडे परत जुळवले. पाचवीत एक भलंमोठं ग्राफिक कार्ड आलं, कारण कुणीतरी व्हिडिओत म्हणालं होतं की त्याच्याशिवाय माणसानं जगू नये.

"तू गेम खेळणार आहेस का?" मी विचारलं.

"नाही."

"मग ते नाकापेक्षा मोती जड कशाला? काढ."

तिनं काढलं. दोन दिवसांनी परत घातलं. परत काढलं. जेवताना मध्येच हात थांबायचा आणि म्हणायची, "ताई, रॅम आत्ता निम्मी घ्यावी आणि निम्मी नंतर?" मी म्हणायची, "घे." मग ती म्हणायची, "पण नंतर तीच मिळाली नाही तर?" मला प्रोसेसर कशाशी खातात ते ठाऊक नाही, पण मी उंटावरून शहाणपण शिकवत होते. बाहेरून मी तिला झापत होते, आणि आतून मलाच घोर लागला होता. ही कामाला घाबरते आहे की निवडीला, हे मला कळत नव्हतं. आणि निवडच केली नाही तर काम आपोआप टळेल, असं तर तिच्या मनात नसेल?

एक गोष्ट मात्र ती जिवाभावानं करत होती. पस्तावालच्या दुकानात जाऊन तिनं प्रत्येक भागाची पट्टीनं मापं घेतली होती. घरी तिनं कॅबिनेटचा नकाशा काढला, खऱ्या मापाचा, वरून, समोरून आणि बाजूनं. पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांचे बोर्ड, डिस्क, पंखा केले आणि नकाशावर मांडून बघितले. हवा कुठून येईल, कुठून जाईल, याचे बाण दाखवले. विजेचा डबा, ज्याला पस्तावाल एसएमपीएस म्हणायचा, तो कॅबिनेटच्या तळाशी वेगळ्या कप्प्यात बसवला. इतकी नीटनेटकी खोली आमच्या वाट्याला आयुष्यात आली नाही. तिची बोटं त्या कागदावर फिरताना थरथरत नव्हती, हे मी बघून ठेवलं.

हो-नाही करता करता महिना संपला. एका शनिवारी सकाळी इंजिनियरसाहेबांचा माणूस शाळेच्या मापांचं पाकीट देऊन गेला. मंगळवारी संध्याकाळपर्यंत अकरा शीटं. घरात पुठ्ठ्याचा कॉम्प्युटर.

"चप्पल घाल," मी म्हणाले.

"अजून आठवी यादी..."

"चप्पल घाल म्हटलं ना!"

दुकानात मी तिच्या मागेच उभी राहिले. मेंदू घेतला, बोर्ड घेतला, रॅम घेतली. ग्राफिक कार्ड राहिलंच, प्रोसेसरमध्येच चित्र दाखवायची सोय आहे असं पस्तावालनं कबूल केलं. पडदा चांगला मोठा घेतला, डोळ्यांशी तडजोड नको म्हणून. शेवटी एसएमपीएस उरला. पस्तावालनं दोन डबे समोर ठेवले. एक महाग, एक स्वस्त.

"ताकद सारखीच?" धाकटीनं विचारलं.

"सारखीच."

"माप?"

"तेच. महागाच्या वायरी जरा लांब आहेत, वर जाळी आहे. शोभा."

"मग हा," धाकटी म्हणाली आणि स्वस्त डबा उचलला. एका मिनिटात! दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं मागे न बघता काही निवडलं होतं. मला तिथेच तिचा मुका घ्यावासा वाटला. पस्तावाल म्हणाला, "पस्तावाल," पण ते तो म्हणणारच होता.

रविवारी सकाळी जेवणाचं टेबल पुसून मी त्यावर धुतलेली चादर अंथरली. जोडायचं काम धाकटीचं, पण टेबल माझं. मी स्क्रूड्रायव्हर, चिमटा, कात्री ओळीनं मांडली आणि सगळे स्क्रू वाटीत मोजून ठेवले. मोजणी जुळल्याशिवाय पोट शिवू द्यायचं नाही, यात माझी बारा वर्षं गेलीयत.

प्रोसेसर बसवताना बोर्डावरचा खटका करकरला. धाकटीनं डोळे मिटले. मी पण मिटले. उघडून बघितलं तर तो जागेवर बसला होता. रॅम टकदिशी बसली. पंखा बसला. मग बोर्ड कॅबिनेटमध्ये उतरला, नऊ भोकांत नऊ स्क्रू, आणि वाटीत जेवढे उरायला हवेत तेवढेच उरले. सगळं तिच्या नकाशाबरहुकूम. एका केसाचाही फरक नाही. तिच्या कपाळावर घाम होता, पण तोंडावर हसू होतं. तळाच्या कप्प्यात एसएमपीएस बसवला आणि त्याच्या वायरी ती एकेक जागी लावायला लागली.

एक वायर हातात धरून ती थांबली.

"काय झालं?"

"ही प्रोसेसरची वीज. इथे वर लागते, बोर्डाच्या अगदी वरच्या कोपऱ्यात."

"मग लाव."

तिनं वायर ताणली. पाठीमागून फिरवून बघितली, समोरून सरळ नेऊन बघितली. चार बोटं कमी. परत ताणली. वायरी काही ताणून वाढत नाहीत.

"तू मापं घेतली होतीस ना सगळ्याची?" मी म्हणाले.

"वायरींची नाही."

"का?"

उत्तर तिलाही तेव्हाच सापडत होतं. "आमच्याकडे वायरी मी काढतच नाही गं. वायरींचा कागद वेगळा असतो, तो इलेक्ट्रिकवाला काढतो. तीस वर्षांत मी नकाशात एक वायर काढलेली नाही. माझ्या डोळ्यांना त्या दिसल्याच नाहीत."

आणि जिनं शांत राहायला हवं होतं, तिनं, म्हणजे मीच, तोंड सोडलं. "तीन आठवडे पुठ्ठे कापत बसलीस आणि वायर दिसली नाही? समोर लोंबत होती ती!"

शब्द सुटला आणि मला माझी जीभ हासडून टाकावीशी वाटली. मोठ्या साहेबांनी जे केलं नव्हतं ते मी केलं होतं. धाकटी उठून आत गेली आणि सकाळी धुतलेल्या कपबशा परत धुवायला लागली.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी पस्तावालला फोन लावला.

"रविवारी बाजार बंद असतो," तो म्हणाला. "खाली डबा बसणारं कॅबिनेट आणि आखूड वायर. होतं असं. ती वाढवायला जोडवायर मिळते, उद्या अकराला दुकान उघडतो तेव्हा बघतो, असली तर देतो. नसली तर मागवावी लागेल. मी म्हटलं होतं..."

मी फोन बंद केला. उद्या अकरा म्हणजे सबंध दिवस गेला, आणि जोडवायर नसलीच तर कामच गेलं. तीन दिवसांत अकरा शीटं हेच मुळात तारेवरची कसरत होती. आतून नळाचा आवाज येत होता. ऑपरेशन थिएटरमध्ये मला कधी हातपाय गळाल्यासारखं झालं नाही, कारण तिथे टेबलावरचं माणूस माझं कोणी नसायचं. इथे मला स्पष्ट दिसत होतं, की आता ही इंजिनियरसाहेबांना फोन करेल, खरं सांगेल, माफी मागेल आणि उद्यापासून केस विंचरून खुर्चीत बसेल. आणि यातला शेवटचा धक्का माझा असेल.

नळ बंद झाला. धाकटी ओले हात पुसत बाहेर आली.

"ताई, कॅबिनेट कशाला हवं?"

"म्हणजे?"

"त्या नुसत्या भिंती. भिंती नसल्या म्हणून चूल पेटत नाही असं आहे का?"

मला समजायच्या आत तिनं स्क्रू काढायला घेतले. बोर्डाचे नऊ बाहेर, एसएमपीएसचे चार बाहेर. जिच्यासाठी तीन आठवडे घालवले ती सगळी खोली तिनं दहा मिनिटांत रिकामी केली. बोर्ड ज्या खोक्यातून आला होता त्याच खोक्यावर ठेवला, एसएमपीएस त्याच्या शेजारी टेबलावर. आता ती वायर आरामात पोचली, वर पीळ द्यायलाही उरली. पण चालू करायचं बटण कॅबिनेटवरच राहिलं. तिनं पुस्तिका उघडली, बोट फिरवत वाचली आणि म्हणाली, "या दोन खिळ्यांना स्क्रूड्रायव्हरचं टोक एकदम टेकवायचं. क्षणभर. म्हणजे बटण दाबल्यासारखंच."

"दुसऱ्या खिळ्यांना लागलं तर?"

"तर जळेल कदाचित."

"वीज असलेल्या वस्तूला लोखंड लावणार आहेस?"

"ताई, तू जरा गप्प बसतेस?"

मी गप्प बसले. तिनं चष्मा वर ढकलला, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि स्क्रूड्रायव्हर खाली नेला. टोक टेकलं. काही झालं नाही. तिनं पुस्तिकेत परत बघितलं, "एक खिळा चुकला," म्हणाली आणि परत टेकवलं. पंखा हलला, थबकला आणि फिरायला लागला. पडद्यावर पांढरी अक्षरं आली. मी नास्तिक बाई, पण हात जोडले.

ते तीन दिवस आमच्या टेबलावर एक उघडं यंत्र घुमत होतं आणि मी त्याच्यावर पहारा देत होते. पाण्याचा पेला त्या खोलीत येऊ दिला नाही. खिडकी बंद ठेवली, धूळ नको म्हणून. आम्ही स्वयंपाकघरात उभ्यानं जेवलो. शेजारीण साखर मागायला आली तर तिला दारातूनच वाटी दिली. दर तासाला मी पंख्याच्या जवळ हात नेऊन ताप बघायची. धाकटी हसायची, पण बघू द्यायची. जिने आले की ती पट्टी घेऊन बसायची, माप एकदा तपासायची, दुसऱ्यांदा तपासायची, आणि तिसऱ्यांदा हात वहीकडे गेला की मी नुसती खाकरायची. रविवारी दोन शीटं, सोमवारी पाच, मंगळवारी चार. संध्याकाळी सव्वापाचला तिनं सगळी पाठवली.

बुधवारी फोन नाही. मी देव पाण्यात ठेवून बसायचंच काय ते बाकी होतं. धाकटी गॅलरीतले कपडे काढत होती, घालत होती. पस्तावालकडची जोडवायर आणायला जाऊ या म्हटलं तर म्हणाली, "फोन आला तर?"

गुरुवारी दुपारी फोन वाजला. तिनं तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, मला ऐकू यावा म्हणून.

"मॅडम, शीटं बघितली," इंजिनियरसाहेब म्हणाले. आवाजावरून काही कळेना. "सहाव्या शीटवर मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार बाहेर उघडतंय. बाहेर भिंतीला नळ आहेत. दार नळांवर आपटेल, एखादी मुलगी तिथे उभी असेल तर तिला लागेल."

हेच. नेमकं हेच व्हायला नको होतं. मी मनातल्या मनात त्यांना उत्तर जुळवायला लागले होते: तीन दिवसांत अकरा शीटं, उघड्यावरचं यंत्र, माणसाच्या हातून एखादी चूक होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात धाकटीनं सहावं शीट पडद्यावर उघडलं.

"हो," ती म्हणाली. "चुकलंय माझं. आत उघडायला आत जागा नाहीये. सरकतं दार देते. अर्ध्या तासात पाठवते."

"चालेल."

साहेब फोन ठेवणार होते. धाकटी म्हणाली, "साहेब, पुढचं काम कधी पाठवताय?"

मी टेबलाची कड घट्ट धरली.

"दार दुरुस्त करून पाठवा," ते म्हणाले. "शनिवारी मापं येतील. एक दवाखाना आहे."

फोन बंद झाला. मी तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "तुला भीती नाही वाटली गं?"

"वाटली ना. अजून वाटतेय." तिनं ते दार पुसून टाकलं. "तू जरा बाजूला हो, ताई. उजेड अडतोय."

मी बाजूला झाले.